खिडकीला गोधडी

दिवाळीला बाकीच्या गावांत आवाज वाढतो, आमच्याकडे थांबतो. धनत्रयोदशीच्या आसपास एकेक कारखाना बंद व्हायला लागतो. कारागीर पिशव्या, पत्र्याच्या पेट्या आणि पोरांसाठी घेतलेली खेळणी घेऊन गावाकडे निघतात, आणि मग एका दुपारी गल्लीतला शेवटचा लूम थांबतो. भिवंडीच्या कामतघरमध्ये राहणाऱ्याला ते कळायला कान लागत नाहीत. मांडणीवरचे स्टीलचे पेले थरथरायचे थांबतात. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आणि आमच्या घरातली माणसं, वर्षभर लूमच्या वरचढ बोलायची सवय असल्यामुळे, त्या शांततेतही एकमेकांकडे मीठ मागताना ओरडतात.

हे दिवस माझ्या कामाचे. आमचा बारा लूमचा कारखाना आहे आणि त्याच्या मागे चार खोल्यांची बैठी चाळ. वर्षभर मी ताके तपासते. लूमवरून उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, उजेडाकडे धरायचं, तुटलेला धागा, तेलाचा डाग, जाड गाठ शोधायची आणि तिथे खडूने खूण करायची. तीस वर्षं हेच करतेय. दिवाळीत ताके नसतात, म्हणून मी खोल्यांच्या मागे लागते. कारागीर गेले की खोल्या झाडून घेते, जळमटं काढते, चुना मारून घेते. पूर्वी त्यात आणखी एक काम असायचं. खिडकीवरचे पुठ्ठे काढणं.

रामबचन हा आमच्याकडचा सर्वांत जुना कारागीर. गाव गोरखपूरच्या पुढे कुठेतरी. वीस वर्षं तो रातपाळीच करतो. सुताचे कोन ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचे पुठ्ठे तो आपल्या खोलीच्या खिडकीवर चिकटवायचा. कणकेची खळ करून, कडेकडेने वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून, अगदी नीट. दर दिवाळीला मी ते उलथन्याने खरवडून काढायची. तो परत आला की त्याला ऐकवायची, की माणसाला हवा लागते, उजेड लागतो, आम्ही खिडकी काय शोभेला ठेवली आहे का. तो मान खाली घालून “जी भाभी” म्हणायचा. महिन्याभरात पुठ्ठे परत जागेवर. एखाद्या लूमवर एकाच जागी पुन्हा पुन्हा धागा तुटावा तसं ते मला वाटायचं. माणूस चांगला, पण ही एक खोड.

यंदाही चुना मारून घेतला. बादलीतला चुना फसफसत होता आणि मागच्या बाजूने, काल्हेरकडच्या गोदामांच्या मधोमध कुणाचं तरी एक भाताचं खाचर अजून उरलं आहे, तिथून कापलेल्या पेंढ्याचा वास येत होता. ओली भिंत आणि पेंढा, हे दोन वास एकत्र आले की मला आता दुसरंच गाव आठवतं. तिथे माझा काही संबंध नव्हता. एकवीस दिवस राहिले, एवढाच.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी संपल्यावर, मी नेपाळला गेले होते. घरं बांधायला.

हे वाक्य मी अजूनही कुणाला सांगते तेव्हा समोरचा माणूस माझ्याकडे नीट बघतो. म्हणून खुलासा करते. माझी मुलगी पूर्वा घरबांधणीचं शिकली आणि एका संस्थेत लागली. ज्यांची घरं पुरात गेली किंवा ज्यांना घरंच नाहीत अशा कुटुंबांसाठी ही संस्था घरं बांधते, आणि निरनिराळ्या ठिकाणची माणसं आपल्या खर्चाने जाऊन तिथे राबतात. त्या वर्षी नेपाळच्या तराईत, सपाट मुलखात, एका वस्तीत सहा घरं व्हायची होती. ऐन वेळी तिचा एक माणूस गळला. पूर्वाने फोन केला, “आई, लूम बंदच आहेत ना? चल.” मी विचारलं, तिथे मी काय करणार. ती म्हणाली, “इथे जे करतेस तेच. लोकांच्या चुका काढ.”

घरात हसाहस झाली. काल्हेरच्या माझ्या नणंदेने ऐकलं आणि म्हणाली, “वयनी, लोक परदेशात जातान ते दुबईला जातान. तू माती कालवाला चाललीस? माती त इथं बी हाय.” आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून एवढंच विचारलं, की कुडाचंच घर बांधायचं होतं तर तुझ्या माहेरचं पाडलं कशाला.

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. माझं बालपण कुडाच्या घरात गेलं. कारवीच्या काटक्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती-शेण लिंपायचं. दर वर्षी आई कार्तिकात भिंती लिंपायची. भिंतीवर तिच्या पंज्यांचे अर्धगोल उठायचे, एकाला एक लागून, माशाच्या खवल्यांसारखे. शाळेतल्या मैत्रिणींना मी घरी आणत नसे. पुढे जमिनीला भाव आले, घर पाडलं, पक्कं झालं. त्या भिंतीचं मला कधी काही वाटलं नाही. मी जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही.

पण हातांचं काही सांगता येत नाही.

तराईतल्या त्या वस्तीत घरांचा सांगाडा बांबूचा होता. बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या एकमेकींत गुंफून भिंती केलेल्या, त्यावर माती आणि भाताच्या भुश्याचा जाड लेप, त्यावर शेवटी सिमेंटचा पातळ हात, वर पत्रा. आमच्याबरोबरची बहुतेक मुलं नुकती कॉलेजातून सुटलेली. ती माती अशी धरत होती जशी कुणी दुसऱ्याचं रडणारं मूल धरावं. मी पहिल्या दिवशी चिखलाचा गोळा उचलला, भिंतीवर थापला आणि पंजा फिरवला. भिंतीवर अर्धगोल उठला. आईचा. मी पटकन दुसरा हात मारून तो सपाट केला, कारण वर सिमेंट बसायचं होतं. पूर्वा मागे उभी होती. म्हणाली, “आई, तुला येतं हे?” मी म्हटलं, बघतेस काय, भुसा संपलाय, आण.

आम्हाला दिलेलं घर फुलमतीचं होतं. वय असेल तिशीच्या थोडं पुढे. सडसडीत, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, चालताना कायम कुठेतरी उशीर झाल्यासारखी. मुनिया नावाची नऊ वर्षांची मुलगी. नवरा गावात नव्हता. घरच्यांनीही बांधकामाला हात लावायचा असा संस्थेचा नियम होता, आणि फुलमतीला तर दिवसभर दुसऱ्याच्या शेतात भात कापायला जावं लागे. म्हणून ती पहाट फुटल्यावर दोन तास आणि ऊन कलल्यावर दोन तास आमच्यात येऊन माती मळे. पायांनी. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, गोल गोल फिरत. तिने मळलेल्या मातीत खडा राहत नसे. मी तपासलं होतं.

भाषेची अडचण आली नाही. बाकीच्यांना आली. माझी हिंदी भिवंडीची. तीस वर्षं गोरखपूर, मधुबनी, आझमगढच्या माणसांशी मी भांडते आहे. त्यांना रजा नाकारली आहे, त्यांच्या बायकांशी फोनवर बोलले आहे. ते बोलणं तिथे सरळ चाललं. दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती मला दीदी म्हणायला लागली आणि संस्थेची मुलं काहीही विचारायचं असलं की मला पुढे करायला लागली. त्याने माझ्या डोक्यात थोडी हवा गेली असणार. नाहीतर पुढचं घडलं नसतं.

घराला दोन खोल्या होत्या. पुढची मोठी, मागची लहान. नकाशात दोन्हींना खिडक्या. नियमच होता, खिडकीशिवाय खोली नाही. शेवटी पाहणीला माणूस यायचा होता आणि त्याने सही केली तरच घर फुलमतीच्या ताब्यात जाणार. पुढच्या खोलीची चौकट बसली. मागच्या खोलीची बसेना. कैलाश मिस्त्री म्हणे, चौकट आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. मागची भिंत आपली सलग उभी, आणि लेप द्यायची वेळ आली. ती बिनखिडकीची भिंत मला ताक्यातल्या डागासारखी दिसायला लागली. बाकी काही दिसेना.

सहाव्या दिवशी मला पेंढ्याच्या ढिगामागे चौकट सापडली. पोत्यात गुंडाळून, नीट ठेवलेली.

मी कैलाशला गाठलं. साठीचा, शांत माणूस. तो म्हणाला, “दीदी, मालकिन ने मना किया है.” मालकीण म्हणजे फुलमती. तिला विचारलं तर म्हणाली चोर येतात. मी म्हटलं, गज लावू. म्हणाली, पाऊस आत येतो. मी म्हटलं, वर छज्जा काढू. मग ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मी तिला हवा-उजेडाबद्दल पाच मिनिटं ऐकवलं. तेच, शब्दाला शब्द, जे दर दिवाळीला रामबचनला ऐकवत होते. तिनेही तेच उत्तर दिलं. “जी दीदी.” आणि विळा घेऊन शेतावर गेली.

ती गेल्यावर मी कैलाशच्या मागे लागून भिंत कापून घेतली. नुसती कापली नाही. वाटलं, लहान चौकट कशाला. दुसऱ्या एका घराची मोठी चौकट जादा पडली होती, ती लावून घेतली. दुपारपर्यंत काम झालं. मागच्या खोलीत इतका उजेड आला की जमिनीवरची मुंगी दिसावी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. मनात म्हटलं, आता बघेल आणि खूश होईल.

संध्याकाळी फुलमती आली. मागच्या खोलीच्या दारात थांबली. उजेड तिच्या तोंडावर पडला होता. ती आत गेली, चौकटीच्या खालच्या लाकडावरून हात फिरवला, जशी आपण दुकानातली न परवडणारी वस्तू हात लावून परत ठेवतो. मग माती मळायला गेली. त्या दिवशी तिने मळलेल्या मातीत मला पहिल्यांदा खडे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत पेंढा कोंबलेला होता. मी तो उपसला. म्हटलं, विंचू होतील, साप येतील. तिसऱ्या दिवशी परत पेंढा. मी परत उपसला. पूर्वा म्हणाली, “आई, जाऊ दे ना.” मी म्हटलं, पाहणीचा माणूस काय म्हणेल.

मी तशीच आहे. ताक्यातला डाग दिसला की मला खडू आवरत नाही. त्यामागे कुणाचा हात होता, तो हात का थरथरला, हे विचारणं माझ्या कामात बसत नाही.

मग एका दुपारी फुलमतीला शेतावर काम मिळालं नाही आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत आतून लेप द्यायला बसलो. शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. बायकांनी बोलायचं तर असंच बसावं, एकमेकींकडे बघावं लागत नाही. मी सहज विचारलं, मुनियाचे बाबा काय करतात. तिकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मीही घेतलं नाही.

म्हणाली, सुरतला असतात. कपड्याच्या कारखान्यात. लूमवर.

माझ्याच कारखान्यातला निघाला असता तर सांगायला बरं झालं असतं. पण तो सुरतेत होता, मी भिवंडीत, मधे अख्खं वसई-वापी. तरी माझा हात भिंतीवर थांबला. विचारलं, कोणत्या पाळीला?

“रात की. शुरू से. चौदह साल.”

मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही, हे खरं सांगते. तिने पुढे सांगितलं तेव्हा कळलं, आणि ती माती थापत थापत, मधे मधे थांबत सांगत होती. दिवाळीनंतरच्या छठपूजेला तो दर वर्षी येतो. महिन्याची रजा घेऊन येतो आणि आठव्या-दहाव्या दिवशी निघून जातो. कारण त्याला झोप येत नाही. अंधार पडला की त्याचे डोळे उघडतात आणि उजाडलं की मिटायला लागतात. चौदा वर्षांची सवय. जुन्या झोपडीला भिंती म्हणजे नुसती बांबूची चटई, फटीफटीतून ऊन. तो दिवसा खाटेवर तोंडावर गमछा टाकून पडतो. येणारा-जाणारा बघतो. गावात दिवसा झोपणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तिने सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. दारुडा म्हणतात. आळशी म्हणतात. भाऊबंद तोंडावर हसतात. मग तो उठून बसतो, लाल डोळ्यांनी हिंडतो, चिडतो, मुनियावर खेकसतो. आणि एक दिवस पिशवी भरतो. म्हणतो, तिकडे निदान झोप तरी लागते. यंदाही तसंच झालं. आम्ही वस्तीवर पोहोचलो त्याच्या चार दिवस आधी तो गेला होता.

“घर मिला तो सोचा, एक कोठरी अँधेरी रखूँगी,” फुलमती म्हणाली. “दिन में सो पाएँगे तो रुक जाएँगे.”

मग म्हणाली, हे तुम्हा सगळ्यांसमोर कसं सांगू. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबून येऊन आम्ही घर बांधतोय आणि हिला झोपणाऱ्या नवऱ्यासाठी खोली हवी.

मी लेप देत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर रामबचनची खिडकी होती. पुठ्ठे, कणकेची खळ, वर्तमानपत्राच्या पट्ट्या. इतक्या दिवाळ्या मी त्या माणसाची झोप उलथन्याने खरवडून काढत होते, आणि वर हवा-उजेडाचं ऐकवत होते. आणि तो “जी भाभी” म्हणत होता. त्याने एकदाही सांगितलं नाही. मी एकदाही विचारलं नाही. रात्रभर लूमसमोर उभा राहिलेला माणूस दिवसा झोपतो, ही गोष्ट बारा लूमच्या मालकिणीला माहीत नव्हती असं नाही. माहीत होती. खिडकीशी तिचा संबंध जोडला नव्हता, एवढंच.

संध्याकाळी मी पूर्वाला सांगितलं. खिडकी बुजवता येईल का? ती कात्रीत सापडली. खिडकी बुजवली तर सही नाही, सही नाही तर घर नाही. म्हणाली, “मोठी कुणी केली ती, आई?” मुलीने आईला इतकं तरी बोलावं.

कैलाशने फळ्यांची झडप करून दिली. पण झडपेच्या फटी राहिल्याच, आणि फटीतून येणारं ऊन सरळ तोंडावर येतं, ते उघड्या खिडकीपेक्षा वाईट. तेव्हा मला एकच गोष्ट सुचली, कारण मला एकाच गोष्टीतलं कळतं. कापड. उजेड अडवायचा असेल तर एक जाड कापड उपयोगाचं नाही, पातळ कापडाचे थर हवेत. मी बरोबर आमच्याच लूमवरच्या दोन चादरी नेल्या होत्या. फुलमतीने तीन जुन्या साड्या काढल्या. मी म्हटलं, खिडकीला गोधडी शिवू.

ती प्रथमच हसली. “खिड़की को जाड़ा लगता है, दीदी?” खिडकीला थंडी वाजते का.

गोधडीवर आम्ही तीन दुपारी बसलो. भात कापून संपलं होतं, समोरच्या अंगणात झोडणी सुरू झाली होती. आम्ही गोधडी शिवतो ती कडेने. चारी बाजूंनी एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असं करत मधे यायचं. ती शिवत होती सरळ रेघेत, या काठापासून त्या काठापर्यंत, शेतातल्या ओळींसारखी. कुणीच आपली पद्धत सोडली नाही. मी तिच्या टाक्यांना वाकडे म्हटलं, तिने माझ्या टाक्यांना लांब म्हटलं. शेवटी मधे एका जागी माझे फेरे आणि तिच्या रेघा एकमेकांवर चढल्या आणि तिथे असं काही झालं की माझ्या टेबलावर ते आलं असतं तर मी खडूने मोठी खूण केली असती. तशीच राहू दिली.

गोधडी खुंट्यांना टांगली. हवी तेव्हा काढता येईल, म्हणजे पाहणीच्या माणसाला खिडकी ती खिडकी. आता ती चालते की नाही ते बघायचं होतं. फुलमती म्हणाली, दीदी, तुम्ही झोपून बघा. भर दुपार होती. मी म्हटलं, मला दिवसा झोप येत नाही. खरं म्हणजे त्या गावात मला कधीच धड झोप लागत नव्हती. आयुष्य लूमशेजारी गेलेलं. भिवंडीत लाईट गेली आणि लूम थांबले की पाळण्यातली पोरं जागी होतात, तशी मी तिथल्या शांततेने जागी राहत होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

चटई टाकून आडवी झाले. खोलीत ओल्या मातीचा वास. काळोख असा की हात दिसेना. बाहेर झोडणी चालली होती. भाताची पेंढी फळीवर आपटायची, परत उचलायची, परत आपटायची. दोघी-तिघी जणी, एकीचा हात खाली तर दुसरीचा वर. धप, धप, धप. लूमवरचा धोटा ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडे जावा तसं. मी म्हटलं, डोळे मिटून पाच मिनिटं पडते आणि उठून सांगते.

उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात फुलमती बसली होती, पाठ माझ्याकडे, उंबऱ्याला आडवी, कुणी आत येऊ नये म्हणून. पूर्वा मला शोधत दोनदा येऊन गेली होती आणि हिने तिला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं होतं. माझी चाहूल लागताच तिने मागे वळून बघितलं. माझ्या गालावर चटईचे वळ उठले असणार. ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आप सो गईं. तो वो भी सो जाएँगे.”

मी म्हटलं, झोडणी थांबवा म्हणावं आता, आणि चहा कर.

पाहणी झाली. माणसाने मोठी खिडकी बघून शाबासकी दिली. फुलमतीने मान खाली घालून ती घेतली, मी दुसरीकडे बघितलं. एकविसाव्या दिवशी आम्ही निघालो. तिने मला मूठभर नवा तांदूळ फडक्यात बांधून दिला. मी तिला माझा फोन नंबर दिला. माणसं नंबर देतात तसा.

भिवंडीला पोहोचले तेव्हा लूम सुरू झाले होते. सगळ्यात आधी मी रामबचनच्या खोलीकडे गेले. सकाळचे अकरा वाजले होते. दार ओढलेलं होतं. खिडकी उघडी, पुठ्ठा अजून लावायचा राहिला होता, कारण मी जाण्याआधीच तो काढून टाकला होता. दाराच्या फटीतून तो दिसला, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून लुंगी ओढून झोपलेला. मी परत फिरले. माफी वगैरे मागायची मला सवय नाही. पुढच्या आठ दिवसांत ताक्यांच्या उरलेल्या तुकड्यांच्या चार गोधड्या शिवल्या, चार खिडक्यांना. कडेने फेरे घेत. रामबचनला दिली तेव्हा तो ती उलटीसुलटी करून बघत राहिला. ओढायची की घालायची, ते त्याला कळेना. खुंटीला टांगून दाखवली तेव्हा त्याने खोलीतल्या काळोखाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “भाभी, पुठ्ठे का क्या करूँ?” म्हणाला. मी म्हटलं, पुठ्ठा रद्दीत घाल. आमचे हे म्हणाले, लोक खिडकीला पडदे लावतात, आमच्याकडे गोधड्या. मी म्हटलं, तुम्ही रातपाळी करून बघा.

त्यानंतरच्या पहिल्या होळीला फुलमतीचा फोन आला होता. नवरा नवं घर बघायला मधेच येऊन वीस दिवस राहिला आणि गेला. आठाचे वीस झाले, हे तिने अशा आवाजात सांगितलं की हसावं की गप्प बसावं ते मला कळेना. नंतर फोन नाही. मीही केला नाही. कुणाच्या घरात नवरा थांबला का, हे बाहेरच्या बाईने विचारायचं नसतं. घर बांधलं म्हणून तेवढा हक्क येत नाही. पण दिवाळीत लूम थांबले की मला तिची आठवण यायची, की आता तिकडे तो आला असेल, आणि छठ उलटून आठ-दहा दिवस झाले की यायची, की आता गेला असेल.

यंदा चाळीचा चुना वाळला, छठ झाली, एकेक कारागीर परत आला. रामबचन आल्या आल्या गोधडी धुऊन वाळत घालून गेला. लूम सुरू झाले, पेले परत थरथरायला लागले, कुकरच्या शिट्ट्या बुडाल्या. काल दुपारी मी टेबलावर ताका ओढत होते. फोन वाजलेला ऐकू येत नाही, टेबलावर हलताना दिसतो. फुलमती होती. उचलून कानाला लावला तर नुसती कुजबुज. मी एक कान बोटाने दाबला आणि ओरडले, मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही. ती तेवढ्याच हळू आवाजात बोलत राहिली. मुनिया सहावीत गेली. घराचा पत्रा अजून शाबूत आहे. भात बरं झालं. मी मनात दिवस मोजले. छठ होऊन अठरा दिवस उलटले होते. मी विचारलं, सुरतचे लूम सुरू झाले असतील ना?

म्हणाली, कधीचेच.

मग? मी विचारलं. आणि तू इतकं हळू का बोलतेस?

“सो रहे हैं,” ती म्हणाली.

माझ्यामागे बारा लूम चालू होते. तरी मी आवाज खाली आणला.